फोन येईपर्यंत

'ब्रेकिंग बॅड'मधला 'ओझिमँडियस' हा भाग ज्यांनी पाहिलाय, ते त्याची आठवण सांगताना बहुतेक वेळा गोळीपासून सुरुवात करतात. वाळवंट, जखमी होऊन जमिनीवर पडलेला पोलीस अधिकारी आणि एकच आवाज. त्या आवाजाने त्या रात्री लाखो लोक हादरले, हे खरंच. पण पोलीस मरतो यात गुन्हेगारी मालिकांच्या प्रेक्षकाला नवीन काही नसतं. या मालिकेच्या चाहत्यांवर जे आभाळ कोसळलं, ते त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने घरातल्या फोनवर. म्हणून हा घटनाक्रम त्या फोनपर्यंत मोजला आहे. वेळा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आहेत. आपलं घड्याळ साडेनऊ तास पुढे.

शुक्रवार, २३ ऑगस्ट २०१३. फोनला तेवीस दिवस

'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ॲना गन या अभिनेत्रीचा लेख छापून आला. मालिकेत ती नायकाच्या बायकोचं, स्कायलर व्हाइटचं काम करत होती. लोक स्कायलरचा एवढा राग का करतात, हा लेखाचा विषय. स्कायलरला शिव्या घालण्यासाठी फेसबुकवर वेगळी पानं निघाली होती आणि त्यांना हजारो लाइक होते. तेवढ्यावर थांबलं असतं तर भूमिका वठली म्हणून सोडून देता आलं असतं. पण शिव्या सरकत सरकत खुद्द ॲना गनपर्यंत आल्या. ही बाई कुठे सापडेल, मला तिला मारून टाकायचंय, असं कुणीतरी उघड विचारलं होतं. लेखात तिने सरळ लिहिलं की या रागाचा संबंध स्कायलरशी कमी आणि बायकोने कसं वागावं याबद्दलच्या लोकांच्या समजुतींशी जास्त आहे.

ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं. वॉल्टर व्हाइट हा अल्बकर्की शहरातला रसायनशास्त्राचा शिक्षक. वय पन्नास. पगार पुरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर कार वॉशमध्ये गल्ल्यावर बसतो, आणि वेळ पडली की आपल्याच विद्यार्थ्यांच्या गाड्या पुसतो. फुफ्फुसाचा कर्करोग निघतो. मागे गरोदर बायको आणि सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा. त्यांच्यासाठी चार पैसे ठेवावेत म्हणून तो जेसी पिंकमन या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून मेथ नावाचं मादक द्रव्य बनवायला लागतो, आणि पहिल्याच घाण्यात त्याला कळतं की या कामात आपल्यासारखा कारागीर आसपास कुणी नाही. २० जानेवारी २००८ ला पहिला भाग लागला तेव्हा तो जेमतेम १४ लाख लोकांनी बघितला. बघणाऱ्यांनी मात्र वॉल्टला आपलं मानलं. आयुष्यभर मान खाली घालून जगलेला माणूस एकदाचा मान वर करतोय, हे बघायला कुणाला आवडत नाही?

आणि मध्ये कोण येतं? बायको. कुठे होतास, एवढे पैसे कुठून आले, दुसरा मोबाइल कुणाचा? हा दुसरा मोबाइल तर मालिकेतला फार सुरेख धागा आहे. दुसऱ्या सीझनच्या शेवटी ऑपरेशनला नेताना वॉल्ट भुलीच्या अमलाखाली असतो. मोबाइल घेतलास का, असं स्कायलर सहज विचारते, आणि तो विचारतो, कुठला? संसार तिथे फुटतो. एखाद्या बाईला असा शब्द सापडल्यावर तिने काय करावं? करायला हवं तेच तिने केलं, आणि चाहत्यांनी तिला कटकटी, ढोंगी, नवऱ्याच्या पैशावर जगून वर त्यालाच बोलणारी ठरवलं. वॉल्टने विष घातलं, माणसं मारली, मारवली. त्यासाठी त्याच्यापाशी दर वेळी कारण असे. तिच्या प्रश्नांना कारण लागू पडत नव्हतं.

रविवार, ८ सप्टेंबर, रात्री १०. फोनला सात दिवस

शेवटच्या सीझनचा तेरावा भाग गोळीबाराच्या मधोमध संपला. अल्बकर्कीच्या पश्चिमेला तोहाजिली नावाची नावाहो लोकांची वस्ती आहे, तिथल्या वाळवंटात. डीईए या अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा अधिकारी हँक श्रेडर वॉल्टला अखेर बेड्या घालतो. हा हँक म्हणजे वॉल्टचा साडू. स्कायलरची बहीण मरी त्याची बायको. इतकी वर्षं मेथ बनवणाऱ्या ज्या 'हायझेनबर्ग'ला तो शोधत होता, तो दर रविवारी त्याच्याच अंगणात बार्बेक्यूला येणारा साडू निघाला.

बेड्या घातल्यावर हँक मरीला फोन करतो, पकडला म्हणून सांगतो आणि शेवटी प्रेमाचं बोलतो. तिथेच जाणकारांनी कपाळाला हात लावला. हिंदी सिनेमात रिटायर व्हायला दोन दिवस उरलेला हवालदार जसा मध्यंतरापर्यंत टिकत नाही, तसा अमेरिकन गुन्हेगारी मालिकेत घरी प्रेमाने फोन केलेला पोलीस पुढच्या आठवड्यात टिकत नाही. जॅक नावाच्या गुंडाची टोळी गाड्यांतून उतरते, दोन्हीकडून बंदुका सुटतात आणि पडदा काळा होतो.

आपल्याकडे तेव्हा सोमवार, ९ सप्टेंबरची सकाळ होती. गणेश चतुर्थी. पाटावर मूर्ती यायची होती. आणि पुण्या-मुंबईतली बरीच तरुण मंडळी एका हाताने आरास आवरत दुसऱ्या हाताने डाउनलोड किती टक्क्यांवर आलं ते बघत होती. भारतात ही मालिका त्याच दिवशी सरळ मार्गाने बघायची सोय नव्हती. नेटफ्लिक्स आपल्याकडे यायला जानेवारी २०१६ उजाडायचा होता. टोरेंट हाच आधार.

पुढचे सात दिवस लोकांनी गोळ्या मोजण्यात घालवले. हँक गाडीच्या कुठल्या बाजूला होता, त्याच्या सहकाऱ्यापाशी, गोमेझपाशी, किती फैरी उरल्या असतील, हँकला सामील झालेला जेसी कुठे पळाला. वॉल्ट हँकला वाचवेल, यावर बहुतेकांचा भरवसा होता. तो वाईट आहे, पण घरच्यांसाठी वाईट आहे, असा एकूण हिशेब. आणि साडू घरचाच की.

रविवार, १५ सप्टेंबर, रात्री ८:३०. सव्वा तास

एनबीसीवर फुटबॉल. सिॲटलमध्ये सीहॉक्स विरुद्ध फोर्टीनाइनर्स. पहिल्याच डावात विजा चमकायला लागल्या आणि खेळाडूंना आत नेऊन सामना तासभर थांबवला. नियतीने जाहिरात करायची ठरवली असती तरी एवढी सोय केली नसती. नऊ वाजता शोटाइमवर 'डेक्स्टर', एचबीओवर 'बोर्डवॉक एम्पायर', एएमसीवर 'ब्रेकिंग बॅड'. तिन्ही गुन्हेगारीच्या मालिका, तिन्हींत गुन्हेगारच नायक. त्या रात्री अमेरिकेत सज्जन माणसाची मालिका बघायची झाली असती तर जरा शोधाशोधच करावी लागली असती.

रात्री ९:००. पाऊण तास

गोळीबार नाहीच. त्याच तोहाजिलीतला, पण पहिल्या सीझनच्या दिवसांतला प्रसंग. जुनाट आरव्ही, म्हणजे चालतंफिरतं घर, अंगावर ॲप्रन, पँट न घातलेला वॉल्ट आणि त्याला खिजवणारा जेसी. दोघांनी पहिल्यांदा मेथ शिजवायला घेतलं तो दिवस. मध्ये वेळ मिळतो तेव्हा वॉल्ट बाजूला जाऊन घरी फोन करतो. पण आधी एकट्यानेच तालीम करतो: मालकाने थांबवून ठेवलंय, उशीर होईल. वाक्य बदलून बघतो, आवाज बदलून बघतो. मग लावतो. घरी स्कायलर गरोदर, गप्पा मारायच्या मूडमध्ये. येताना पिझ्झा आण म्हणते. मुलीचं नाव हॉली ठेवायचं का, विचारते.

बायकोशी बोललेलं त्याचं हे पहिलं खोटं. फोनजवळ, चौकटीच्या कोपऱ्यात, लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या. त्या वेळी त्या कुणी बघितल्या असतील असं वाटत नाही. लोकांना गोळीबार हवा होता. सहा-सात दिवस श्वास रोखून बसलेल्या प्रेक्षकाला दिग्दर्शक रायन जॉन्सन आणि लेखिका मॉयरा वॉली-बेकेट पिझ्झाबद्दलचं बोलणं ऐकवत होते.

मग वॉल्ट चौकटीतून विरून गेला. जेसी विरून गेला. आरव्ही विरून गेली. आणि त्याच रिकाम्या जागी गोळ्यांनी चाळणी झालेल्या गाड्या.

साधारण सव्वानऊ. अर्धा तास

गोमेझ आधीच पडलेला. हे काम करणारा स्टीव्हन मायकल केसाडा हा अल्बकर्कीचाच स्थानिक विनोदी कलाकार. त्याला मरताना दाखवलंही नाही, याची रुखरुख माझ्या मनात आजही आहे. हँकच्या पायात गोळी. जॅकने पिस्तूल रोखलंय.

इथे वॉल्ट भीक मागतो. हा माझा घरचा माणूस आहे, म्हणतो. वाळवंटात पुरलेले ८ कोटी डॉलर देऊ करतो. सगळे, एकही न ठेवता. गेली पाच वर्षं आपण ज्याची हुशारी बघत आलो, तो हुशारीचा शेवटचा फासा टाकतोय, आणि टीव्हीसमोर बसलेला माणूसही मनातल्या मनात त्याच्याबरोबर टाकतोय. हँकला मात्र कळून चुकलंय. तू एवढा हुशार, पण याने मघाशीच काय ते ठरवलंय हे तुला दिसत नाही, असं तो साडूला सांगतो. दयेची याचना करत नाही. वाक्य पुरं होत नाही.

वॉल्ट कोसळतो. आवाज नाही, फक्त तोंड उघडं. जमिनीला गाल लावून पडलेला त्याचा चेहरा बघताना, मालिकेच्या जाहिरातीत वॉल्टचं काम करणाऱ्या ब्रायन क्रॅन्स्टनने शेलीची 'ओझिमँडियस' ही कविता का वाचली होती ते ध्यानात येतं. वाळूत पडलेलं राजाचं तोंड.

लेखक-दिग्दर्शकांची नावं एव्हाना पडद्यावर येऊन जायला हवी होती. ती आली नाहीत. मुद्दाम थांबवली होती, मध्ये अक्षरं यायला नकोत म्हणून. जवळजवळ वीस मिनिटं उलटल्यावर, वॉल्ट पैशांचं उरलेलं एकच पिंप वाळूतून ढकलत निघतो तेव्हा कुठे नावं येतात. कमावलेल्या सात पिंपांतली सहा जॅकने नेली. दयेपोटी एक ठेवलं.

त्याआधीची पाचेक मिनिटं मात्र मला गोळीपेक्षा वाईट वाटतात. हँकचा खड्डा बुजला, पैसे गाडीत चढले, टोळी निघाली. जेसी कुठे लपलाय ते फक्त वॉल्टला दिसलंय: गाडीखाली. तो मान वळवतो आणि जॅकला दाखवून देतो. आणि एवढ्याने भागत नाही म्हणून जेसीला ओढून नेताना जवळ जाऊन सांगतो, तुझी प्रेयसी जेन मरत होती तेव्हा मी तिथेच उभा होतो, वाचवू शकलो असतो, वाचवलं नाही. हे २००९ साली, दुसऱ्या सीझनमध्ये घडलं होतं. चार वर्षं ही गोष्ट फक्त वॉल्टला आणि प्रेक्षकांना माहीत होती. प्रेक्षकांनी ती वॉल्टचं गुपित म्हणून सांभाळली. ते गुपित सुरी म्हणून वापरताना त्याला बघितलं, तेव्हा आपण इतकी वर्षं काय सांभाळत होतो, असा प्रश्न पडायला हवा होता.

पडला नाही. किंवा थोड्यांनाच पडला. हँकच्या मरणाला जेसीच जबाबदार, त्यानेच पोलिसांना आणलं, हेही म्हणणारे होतेच.

साडेनऊच्या सुमारास. पंधरा मिनिटं

पिंप ढकलत वॉल्ट एका झुडपाजवळून जातो. तिथे एक मळकी पँट पडलेली आहे. पहिल्या भागात आरव्हीतून उडून गेलेली त्याचीच पँट. कॅमेरा तिच्यावर क्षणभरही रेंगाळत नाही. पॉज करून करून बघणाऱ्या मंडळींनी ती शोधली. असा चाहता मालिकावाल्यांना लाभतो तो नशिबानेच.

तिकडे कार वॉशमध्ये, स्कायलरकडे, मरी येते. तिला अजून हँकचा शेवटचा फोनच माहीत आहे. जिंकलेल्या नवऱ्याची बायको म्हणून ताठ उभी राहून ती बहिणीला सांगते, मुलाला आता खरं सांग, नाहीतर मी सांगते. आपल्याला माहीत आहे की ती विधवा झाली आहे. बेट्सी ब्रँटने हे काम इतकं साधं केलंय की तिच्याकडे बघवत नाही.

मग घर. वॉल्ट बॅगा भरतोय, चला, चला म्हणतोय. हँक कुठे आहे, असं स्कायलर विचारते आणि त्याच्या तोंडावरून ओळखते. ती स्वयंपाकघराकडे वळते. कॅमेरा खाली. एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला सुऱ्यांचा ठोकळा, तोच, नऊ वाजताचा. तिचा हात सुरीकडे जातो.

झटापट. वॉल्टच्या हाताला कापतं. दोघं जमिनीवर, सुरीसाठी ओढाताण. आणि चालताना कुबड्या लागणारा तो सोळा-सतरा वर्षांचा मुलगा बापाच्या अंगावर झेप घेतो. बापाला ढकलून आईला पाठीशी घालतो आणि ९११ ला फोन लावतो. माझ्या वडिलांनी आईवर सुरी उगारली, सांगतो. वस्तुस्थिती अशी की सुरी आईने उगारली होती. ही चूक कुणी दुरुस्त करत नाही. आई नाही, बाप नाही. आणि मला वाटतं प्रेक्षकांपैकीही फार थोड्यांना ती दुरुस्त करावीशी वाटली. पोराने जे पाहिलं ते नसेल बरोबर, पण समजलं ते बरोबर.

आपण एक कुटुंब आहोत, असं ओरडणारा वॉल्ट तान्ह्या हॉलीला उचलून गाडीत घालतो. स्कायलर गाडीच्या काचेवर हात आपटते, रस्त्याच्या मधोमध गुडघ्यांवर कोसळते.

पुढच्या दृश्यात बाळ बदलायच्या टेबलावर हॉली अचानक 'मामा, मामा' म्हणते. हे पटकथेत नव्हतं. चित्रीकरणाच्या वेळी बाळाची खरी आई कॅमेऱ्यामागे उभी होती, तिला बघून ते बोललं. क्रॅन्स्टनने काम थांबवलं नाही. चेहऱ्यावर जे आलं ते येऊ दिलं. इतका मोठा नट आणि अभिनयाची सगळी कमाई एका तान्ह्या पोरीच्या हातात.

पावणेदहाच्या सुमारास. फोन

व्हाइटांच्या घरात पोलीस. मरी सोफ्यावर. फोन वाजतो, स्कायलर उचलते. पोलीस ऐकतायत, माग काढतायत. पोलीस आहेत का, वॉल्ट विचारतो. ती नाही म्हणते.

आणि तो सुरू होतो. तू कधी माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस. मी जे केलं त्याची तुला कधी किंमत नव्हती. सतत कटकट, सतत रडगाणं. पैसे कसे येतात यावर बोलायचं आणि पैसे वापरायचे. तुला काय कळतंय मी काय उभं केलं ते? मी उभं केलं, मी एकट्याने. आता नीट राहा, नाहीतर हँकचं जे झालं ते तुझं होईल. अधूनमधून शिवी.

हे सगळं चाहत्यांनी आधी ऐकलेलं होतं. ऐकलेलं कसलं, त्यांनीच म्हटलेलं होतं. फेसबुकच्या त्या पानांवरचा मजकूर कुणीतरी गोळा करून वॉल्टच्या तोंडी घातल्यासारखा. तेवीस दिवसांपूर्वी ॲना गनने लेखात ज्याची तक्रार केली होती, तेच तिला आता कॅमेऱ्यासमोर फोनवर ऐकावं लागत होतं. मालिकेने ठरवून तसं केलं, असं मी म्हणत नाही. भाग तर लेखाच्या कितीतरी आधी लिहून, चित्रित होऊन तयार होता. पण लेखकांना आपला प्रेक्षक ओळखता आला होता, हे नक्की.

फोन चालू असताना कॅमेरा दुसऱ्या टोकाला जातो. वॉल्ट रस्त्याच्या कडेला उभा आहे आणि रडतोय. आवाज दगडासारखा, डोळ्यांतून पाणी. तेव्हा उलगडा होतो. पोलीस ऐकतायत हे त्याला माहीत आहे. बायकोला यातून सोडवण्यासाठी तो स्वतःला राक्षस आणि तिला बिचारी ठरवतोय. हळूहळू स्कायलरच्याही ते लक्षात येतं; तिचा चेहरा बदलतो, ती माफी मागते, त्याच्या नाटकात ओळीला ओळ लावते. नऊ वाजता त्याने तालीम करून तिला पहिलं खोटं सांगितलं होतं. हे शेवटचं, आणि यात दोघंही सामील.

निदान मला तरी पहिल्यांदा असंच दिसलं.

रात्री १० आणि नंतरचे तास

वॉल्टने हॉलीला अग्निशमन केंद्रातल्या बंबात ठेवलं, दिवे लावून ठेवले. स्वतः लाल व्हॅनमध्ये बसून निघून गेला. एक कुत्रं रस्ता ओलांडून गेलं. संपलं.

६३ लाखांहून जास्त लोकांनी तो भाग त्या रात्री बघितला, आधीच्या आठवड्यापेक्षा बाराएक लाख जास्त. त्याच रात्री उशिरा एएमसीवर क्रिस हार्डविकचा 'टॉकिंग बॅड' हा कार्यक्रम होता, चाहत्यांना धीर देण्याच्या कामाचा. अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने तोही बघितला आणि मग मला फोन केला. इकडे सोमवारची सकाळ, गणपतीचा आठवा दिवस, घरात मोदकांचं सारण. "अरे, तू बघितलंस का?" नाही म्हटलं. "मग काही बोलत नाही," म्हणाला, आणि पाच मिनिटं बोलला. तो हँकबद्दल बोलला, बाळाबद्दल बोलला. फोनबद्दल एवढंच म्हणाला की वॉल्टने मस्त गेम केली.

सोमवार, १६ सप्टेंबर. दिवसभर

सकाळी जगभरात दुखवटा होता. तो अपेक्षितच. न्यू मेक्सिकोतल्याच सँटा फे इथे राहणारे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी ब्लॉगवर लिहिलं की त्यांच्या कथांतल्या वेस्टेरॉसमध्ये वॉल्टर व्हाइटएवढा राक्षस कुणी नाही. हे लिहिणारा माणूस म्हणजे ज्याच्या 'गेम ऑफ थ्रोन्स'ने जूनमध्येच लग्नाच्या मांडवात अख्खं कुटुंब कापून काढलं होतं. ब्रिटन-आयर्लंडमध्ये भाग नेटफ्लिक्सवर चढला आणि तिथलेही रडायला लागले.

दुपारपर्यंत भांडण मात्र फोनवरून पेटलं होतं. 'द न्यूयॉर्कर'मध्ये एमिली नुसबॉम यांनी तर फक्त त्या फोनवर लेख लिहिला. चाहत्यांचे तीन तट पडले. पहिला म्हणाला, वॉल्ट खरंच असं बोलला. हाच त्याचा मूळ स्वभाव. दुसरा म्हणाला, शब्द न् शब्द नाटक. बायकोला वाचवण्यासाठी केलेला त्याग. पाहा, आमचा माणूस अजून तोच आहे. तिसरा म्हणाला, नाटक आहे, पण संवाद खरे आहेत. बायकोला वाचवण्यासाठी त्याला नवीन काही रचावं लागलं नाही. मनात साचलेलं बाहेर काढलं की काम झालं.

मी तिसऱ्यात. कारण ते शब्द इतके तयार होते की उसने वाटत नाहीत. तालीम केलेलं खोटं कसं ऐकू येतं हे याच भागाने नऊ वाजता दाखवलं होतं: अडखळत, वाक्य बदलत. फोनवरच्या वॉल्टला एकही वाक्य बदलावं लागत नाही.

पण मला अडचण वाटते ती दुसऱ्या तटाची. त्यांना फोनचा अर्थ बरोबर लागला. वॉल्ट सोंग करतोय हे त्यांनी इतरांच्या आधी ओळखलं. त्या सोंगात राक्षस म्हणून तो जे बोलतो ते आपण तीन-चार वर्षं राक्षस नसताना बोलत आलोय, हे मात्र त्यांना दिसलं नाही. सोंगासाठी त्याने राक्षसाची भाषा शोधली आणि ती त्यांचीच निघाली. काहींनी तर पुढे जाऊन असंही म्हटलं की नाटक का असेना, कुणीतरी एकदाचं स्कायलरला सुनावलं ते बरं झालं. मालिकेने आरसा एवढा जवळ धरला की श्वासाने काच धूसर झाली.

रविवार, २२ सप्टेंबर

लॉस एंजेलिसमध्ये एमी पुरस्कार. त्याच वेळी एएमसीवर 'ब्रेकिंग बॅड'चा शेवटून दुसरा भाग चालू. त्या रात्री मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा पुरस्कार पहिल्यांदा मिळाला, आणि ॲना गनला साहाय्यक अभिनेत्रीचा. हा पुरस्कार आधीच्या वर्षीच्या कामाचा. 'ओझिमँडियस'चा हिशेब पुढच्या ऑगस्टमध्ये झाला: मॉयरा वॉली-बेकेटला पटकथेसाठी, क्रॅन्स्टनला आणि पुन्हा ॲना गनला. आयएमडीबीवर लोकांनी या भागाला दहापैकी दहा दिले; असे गुण फार थोड्या भागांना मिळालेत. रायन जॉन्सनने पुढे २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स'चा एक चित्रपट केला आणि चाहत्यांच्या लाडक्या नायकाला हात लावल्यावर काय होतं याचा दुसरा, जास्त महागडा अनुभव घेतला.

स्कायलरच्या नावाने बोटं मोडणं काही थांबलं नाही. नेटफ्लिक्समुळे दर वर्षी नवी माणसं मालिका पहिल्यापासून बघायला घेतात आणि दुसऱ्या सीझनपर्यंत येऊन विचारतात, ही बाई एवढं डोकं का खाते? मावसभावाच्या मुलीने गेल्या वर्षी बघायला सुरुवात केली. ती कॉलेजात आहे, आणि तिला पहिल्या भागापासून वॉल्टचाच राग येतो. बापाला ती विचारते, तुम्हाला याच्यात आवडलं काय? तो तिला केमिस्ट्री समजावून सांगतो. फोनपर्यंत ती अजून आलेली नाही. आली की एकत्र बघू, असं तो म्हणाला होता; तिने सांगितलं, नको, मी एकटी बघेन.